नाकापुरती व्हिस्की

शनिवार, १८ जानेवारी. दुपारचे चार. स्थळ: आमची गच्ची, विजय नगर, जबलपूर.

हजर: सर. काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, सोबत मटारची पिशवी. शेजारचे दुबेजी, शाळेतले निवृत्त खेळशिक्षक. माझा नवरा. मी.

गैरहजर: जवस. मुद्दाम.

कुठल्याही कामाच्या डोक्यावर तारीख आणि हजेरी टाकायची सवय मला स्टोअरनं लावली. रिछाईतल्या एका रंगाच्या कारखान्यात मी स्टोअर आणि खरेदी बघते. सर तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. त्या शनिवारी आमच्या गच्चीवर सरांचा एक प्रश्न निकालात निघायचा होता. तो समजायला आधी सरांचं नाक समजायला हवं. बाकीचे सर त्याच्या मागून येतात.

नाक दिसायला साधंच. पण सर ते घेऊन जगात असे फिरत, जसा एखादा माणूस हातात टॉर्च घेऊन फिरतो. वर्तमानपत्र आलं की आधी वास, मग बातम्या. छत्री उघडण्याआधी वास. सकाळी पॅकिंगच्या माणसाजवळून जाताना थांबायचे आणि म्हणायचे, “रांझीची बस चुकली वाटते आज. कोणाच्या मोटरसायकलवर आलात?” माणूस चकित. पँटवर पेट्रोलचे दोन थेंब असतील-नसतील. एकदा आमच्या अकाउंट्सवाल्यांचा स्वेटर त्यांनी नाकाशी धरला आणि सांगितलं, “हा तुमचा नाही. ज्याचा आहे तो विड्या ओढतो.” त्यांनी खूप वाद घातला. संध्याकाळी ड्रायक्लीनरकडे गेले तर त्यांचा स्वेटर तिथंच हँगरला होता.

रंगाच्या कारखान्यात जवसाचं तेल ड्रमच्या ड्रम येतं. तपासायला मशीन होतं, रिपोर्टही यायचा. पण सर रिपोर्ट बाजूला ठेवून तळहातावर दोन थेंब घेत, दोन्ही हात खसाखसा चोळत, ओंजळ करत आणि तिच्यात तोंड घालून उभे राहत. सप्लायरचा माणूस समोर घाम पुसत असायचा. मग ओंजळीतून आवाज यायचा, “घ्या,” किंवा “परत.” माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवसांत मी एका ड्रमच्या पावतीवर रिपोर्ट बघून सही करून टाकली होती. सर स्टोअरमध्ये आले आणि शांतपणे म्हणाले, “मॅडम, सहीची शाई सुकू द्या. नाक अजून यायचं आहे.”

त्यांचं एक वाक्य कारखान्यात सगळ्यांना पाठ होतं: “नाक आधी, जीभ मागून, मत सगळ्यात शेवटी.” मीटिंगमध्ये कोणी बोलायला उठला की मागून कोणीतरी कुजबुजायचं, “मत शेवटी, भैया.”

आता मुख्य गोष्ट. सर दारू पीत नाहीत. कधीच प्यायले नाहीत. घराणं विदर्भातलं, बौद्ध. वडील इथल्या सरकारी फॅक्टरीत नोकरीला लागून जबलपूरला आले आणि रांझीच्या क्वार्टरमध्ये राहिले. पगाराच्या दिवशी आजूबाजूच्या काही घरांत काय चालायचं ते वडिलांनी पाहिलं होतं. पंचशील ते रोज म्हणायचे आणि मनापासून म्हणायचे. मुलांकडून त्यांनी शब्द घेतला होता की मद्याचा थेंब पोटात जाणार नाही. सरांनी तो इतका काटेकोर पाळला की खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय घेत नसत.

असल्या माणसाच्या घरी आयर्लंडची व्हिस्की कशी आली? भाच्यामुळे. भाचा तिकडं नोकरीला लागला आणि पहिल्या सुट्टीत मामाच्या निवृत्तीची भेट म्हणून बाटली घेऊन आला. तिकडं मोठ्या माणसाला तेच देतात म्हणे. काकू भडकल्या. “बारा गावचं पाणी प्यायला पोट्टा, पण मामाले काय आणावं ते कळलं नाही!” सरांनी बाटली कारखान्याच्या मालकांना द्यायचं ठरवलं. पण द्यायच्या आधी बूच उघडलं, कारण तपासल्याशिवाय माल बाहेर जाऊ द्यायचा नाही हा त्यांचा जन्माचा नियम. वास घेतला. पुन्हा घेतला. काकू सांगतात, चहा थंड झाला तरी माणूस जागचा हलला नाही. मालकांना पेढे गेले.

बाटली राहिली, पण घरात नाही. काकूंनी चौकटीच्या आत येऊ दिली नाही. जिन्याखाली विजेच्या मीटरचं लाकडी कपाट होतं, त्यात ती उभी राहिली, वर्तमानपत्रात गुंडाळून. मीटर बघायला येणारा माणूस दर वेळी विचारायचा, “अंकल, ये क्या है?” सर म्हणायचे, “सैंपल.”

मग वाचन सुरू झालं. सरांनी त्या व्हिस्कीची जात मुळापासून समजून घेतली आणि भेटेल त्याला समजावून सांगितली. भाजीवाल्यालासुद्धा. “बाकीचे लोक मोड आलेली बार्ली घेतात. हे आयरिश लोक अर्धी मोडाची घेतात आणि अर्धी कच्ची, कोरडी. दोन्ही मिसळून तांब्याच्या मोठ्या हंड्यात उकळून काढतात, तेही तीनदा. तो हंडा म्हणजे पॉट स्टिल. सगळं एकाच कारखान्यात होते म्हणून सिंगल. सिंगल पॉट स्टिल. मग लाकडी पिंपात भरतात आणि वर्षानुवर्षं ठेवून देतात. कच्च्या दाण्यामुळे तिच्यात एक तेलकटपणा येते, मिरीसारखा तिखटपणा येते. समजलं?” भाजीवाला म्हणायचा, “जी अंकल. धनिया दूँ?”

काकूंचं मत ठरलेलं होतं. “माणूस दारू न पिता पण वाया जाऊ शकते, हे मी रोज पाहून राहिली.”

एके दिवशी मला फोन आला. “मॅडम, उद्या चारला या. जीभ पाहिजे.”

नवरा म्हणाला, “कसली जीभ?” मला वाटलं, कोणी नवीन लोणचं केलं असेल. गेलो तर अंगणात उन्हात टेबल, त्यावर पांढरा कागद, तोंडाशी निमुळता होणारा काचेचा छोटा पेला, पाण्याची वाटी, ड्रॉपर आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण. सरांची अडचण अशी होती की नाकानं जेवढं कळतं तेवढं त्यांना कळलं होतं. पुढचं कळायला कोणीतरी ती तोंडात घ्यायला हवी होती.

“मीच काहून?” मी विचारलं. सरांशी बोलताना माझ्याही तोंडात काहून येतंच.

“पिणाऱ्याची जीभ कामाची नाही. तो चव घेत नाही, चढायची वाट पाहते. तुम्ही नवीन आहात. आणि तुम्ही वस्तू जशी आहे तशी लिहिता. ड्रम चेपलेला असेल तर चेपलेला लिहिता.”

मी काकूंकडं पाहिलं. काकू म्हणाल्या, “माझ्याकडं काय पाहतेस? तू मोठी आहेस, तुझा नवरा बाजूले बसला आहे. औषध समजून घे आणि त्याले सांग काय ते. म्हणजे मले सांगायचं बंद होईल.”

नियम त्यांनी आधीच करून ठेवले होते. डोक्याला तेल नको. घरातून निघताना उदबत्ती नको. खव्याची जिलेबी नंतर, आधी नाही. माप एक झाकण, त्यावर थेंबही नाही. आधी वास, मग पाण्याचे दोन थेंब, मग पुन्हा वास, मग तोंडात. आणि सगळ्यात मोठा नियम: ‘चांगली आहे’ म्हणायचं नाही. “चांगली हे मत झालं. मत शेवटी.”

मी घेतली. डोळ्यांत पाणी आलं. सर पुढे झुकून बसलेले. मी मालाची आवक लिहितात तसं सांगायला लागले, “गरम. मग गोड. मग मिरी. मग... जुनं सागवानी कपाट उघडल्यासारखं.”

“हां!” सर अर्धे उठले. “कपाटात काय आहे?”

“चादरी.”

“धुतलेल्या की वापरलेल्या?”

“धुतलेल्या. उन्हात वाळवून घडी करून ठेवलेल्या.”

सरांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कारखान्यात कधी पाहिलं नव्हतं. ज्या खोलीत आपल्याला जाता येत नाही, तिच्या खिडकीतून कोणी आतलं सामान एकेक करून सांगावं, तसे ते ऐकत होते.

त्यानंतर ते शनिवार ठरूनच गेले. दिवाळी ते होळी, तेवढेच. उन्हाळ्यात बंद. “मे महिन्यात जबलपुरात फक्त घाम कळते,” असं सर म्हणत. भाचाही आता समजून गेला होता. दर फेरीला आधीपेक्षा जुनी बाटली आणायचा. मी झाकणभर घ्यायची, माझा नवरा अर्धं झाकण. सर नुसता पेला हातात फिरवायचे. पेला हलवून काचेवर उतरणारे ओघळ बघायचे, म्हणायचे, “पाहा, कशी सावकाश उतरते. घाई नाही तिला.” पेला ओठांपासून दोन बोटं लांबच थांबायचा. नवऱ्यानं एकदा गमतीत म्हटलं, “सर, एक थेंब. जिभेच्या टोकाला. कोणाला कळणार आहे?”

“मला,” सर म्हणाले आणि पेला त्याच्या हातात दिला. पुन्हा कोणी तो विषय काढला नाही.

आता जवस.

पहिल्या बाटलीपासून सर सांगत आले होते: “वर फळ आहे, मधे लाकूड आहे, आणि तळाला जवस आहे.” आम्हांला आधी काही सापडायचं नाही. त्यांनी सांगितलं की सापडायचं. घोळ इथंच होता. सांगितल्यावर सापडलेल्या वस्तूची आवक मी स्टोअरमध्ये कधी धरली नसती. शिवाय काकूंच्या घरी जवसाची चटणी कधी संपत नाही. भाकरीबरोबर चटणी, भाताबरोबर चटणी. जवस कढईत तडतडायला लागला की वास जिन्यावरून मीटरच्या कपाटापर्यंत येतो. काकू म्हणायच्या, “अहो, जवस बाटलीत नाही, माझ्या कढईत आहे.” नवरा म्हणायचा, “आणि उरलेला कारखान्यात. इतकी वर्षं तेल हुंगलं, आता सरांना गुलाबही जवसासारखाच येणार.” सगळे हसायचे. सरही हसायचे.

मग एकवीस वर्षं पिंपात मुरलेली बाटली आली. भाचा दिवाळीला स्वतः घेऊन आला. सरांनी नवा पांढरा शर्ट घातला होता. बराच वेळ वास घेऊन त्यांनी एकेक सांगितलं. मनुका. पिकलेला आंबा, पण वाळवलेला. चामड्याचा पट्टा. “आणि तळाला जवस. मागच्यांपेक्षा जास्त. जितकी जुनी, तितकी खोल.”

भाचा हसला. वाईट मुलगा नाही, सहज बोलून गेला. “मामा, तुम्ही कधी प्यायला नाहीत ना, म्हणून तुम्हांला असं वाटते. ही वासानं कळायची वस्तू नाही. प्यायल्यावर कळते.”

सरांनी बूच लावलं, बाटली नेऊन कपाटात ठेवली. जेवताना त्यांनी चटणीला हात लावला नाही. काकूंच्या ते बरोबर लक्षात आलं. मला सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. “चटणीवाचून जेवलेले मी पहिल्यांदा पाहिले.”

भाचा परत गेल्यावर, जानेवारीच्या सुरुवातीला सर आमच्या घरी आले. मफलर, टोपी, हातात पिशवी. बसले नाहीत.

“मॅडम, परीक्षा ठेवा.”

“कसली?”

“माझ्या नाकाची. ते खरं आहे की नुसतं घरचं आहे, एकदाचं कळू द्या. तुमच्या घरी जवस नसते. माणूस असा आणा ज्याले काही माहीत नाही. त्याला तो वास सापडला तर ठीक. नाही सापडला, तर ही बाटली त्याची आणि शनिवार बंद.”

“सर, गंमत आहे हो ही. एवढं काय त्यात?”

“तुमची गंमत आहे. तुम्हांला जीभ आहे, तुम्ही पिऊन पाहू शकता. मी ओठ लावत नाही, लावणार नाही. माझ्याजवळ एवढंच आहे,” असं म्हणून त्यांनी नाकावर बोट ठेवलं. “हे खोटं असेल तर मी इतकी वर्षं टेबलावर नुसता पेला फिरवून राहिलो.”

मी कामाला लागले. माणूस: शेजारचे दुबेजी. कारखान्याशी संबंध नाही, आमच्या शनिवारांची माहिती नाही, पिण्याची आवड आहे, आणि मनात आलेलं तोंडावर बोलतात. जागा: गच्ची, मोकळी हवा. सरांचे कपडे आमच्या घरी धुतले. आमच्याकडं आठवडाभर उदबत्ती बंद. काकूंना सांगितलं, जवस भाजायचा नाही.

“मग भाकरीसंगं काय खाऊ?”

“लोणचं.”

“लोणच्याले वास नाही काय?”

“काकू, लोणच्याची परीक्षा नाही.”

“चलो, ठीक आहे,” काकू म्हणाल्या. “पण मी पण येणार. कोण खोटं बोलते ते मले पाहायचं आहे.”

तर ती शनिवारची दुपार. जबलपूरचं जानेवारीचं ऊन, पाठीला लागलं की उठावंसं वाटत नाही. काकू सतरंजीवर मटार सोलत बसल्या. दुबेजी खुशीत आले. “मैडम, सुना है विलायती है? और फ्री में?”

सर म्हणाले, “दुबेजी, पीना बाद में. पहले सूँघिए. जो लगे, बोलिए.”

दुबेजींनी पेल्यात नाक घातलं. “बढ़िया है!”

“बढ़िया नहीं चलेगा.” सर आणि मी एकदमच बोललो.

“अच्छा... किशमिश. शहद. आम, ताज़ा नहीं, अमावट जैसा.” अमावट म्हणजे आंबापोळी. सर प्रत्येक शब्दाला मान हलवत होते. “लकड़ी. पुरानी अलमारी. हल्की-सी मिर्च.”

“और?”

“और...” दुबेजींनी पुन्हा वास घेतला. “बस. अब पी लूँ, सर?”

“पाण्याचे दोन थेंब टाका, मॅडम,” सर म्हणाले. मी ड्रॉपरनं टाकले. “दुबेजी, एक बार और. नीचे जाइए. बिलकुल तळ को.”

दुबेजी तळाला गेले. आम्ही सगळे त्यांच्या नाकाकडं बघत होतो. “नहीं सर, यही है. आम, किशमिश, लकड़ी. अच्छी चीज़ है, इसमें ढूँढना क्या?”

सर उठले. मफलर गळ्याभोवती गुंडाळला, एक वेढा, दुसरा वेढा. बाटली त्यांनी दुबेजींच्या पुढ्यात सरकवली. “यांची झाली. मॅडम, हजेरी बंद करा.”

नवरा म्हणाला, “सर, बसा हो.” मलाही तेच म्हणायचं होतं. सर जिन्याकडं वळले होते.

काकूंनी मटारवरून मान वर केली नाही. “काहून उठून राहिले?”

“झालं न आता.”

“काय झालं? कारखान्यात माल आला की तुम्ही काय सरळ नाक घालत होते त्याच्यात? हातावर घेऊन चोळत होते. मले घरी येऊन हात दाखवत होते, हा पाहा, हा पाहा. मग या भल्या माणसाले काहून चोळू देत नाही?”

माल, असं म्हणाल्या. तेल हा शब्द त्यांनी तोंडातून बाहेर पडू दिला नाही, कारण दुबेजींना मराठी फारशी येत नसली तरी तेल कळलं असतं. आठवडाभर लोणच्यावर जेवलेल्या आणि कोण खोटं बोलतं ते बघायला आलेल्या बाईनं परीक्षा मोडली नाही.

सर परत आले. स्वतःच्या हातानं दुबेजींच्या तळहातावर थोडी व्हिस्की ओतली. “रगड़िए. ज़ोर से.”

दुबेजींनी हात चोळले. “सर, ये तो उड़ गई! इतनी महँगी चीज़...”

“जो बचा है उसे सूँघिए.”

दुबेजींनी ओंजळ केली आणि तोंड आत घातलं. बाहेर काढलं. तळहाताकडं पाहिलं. पुन्हा आत घातलं आणि या वेळी बराच वेळ बाहेर काढलंच नाही. मग माझ्याकडं वळले, जरा संशयानं. “मैडम, आपने इसमें कुछ मिलाया है?”

“कुछ नहीं.”

“तो ये बल्ला कहाँ से आया?”

“क्या?”

“बल्ला! नया बल्ला.” दुबेजी उभे राहिले. दोन्ही हातांनी हवेतच बॅट धरली. “हर साल सीज़न से पहले स्कूल के सारे बल्ले निकालता था मैं. कपड़े से तेल पिलाता था, फिर बरामदे में लिटा देता था, छाँव में. पूरा बरामदा यही महकता था. यही है. सौ टका यही.”

सरांनी फार हळू विचारलं, “कौन सा तेल?”

“अलसी का. बल्ले को और कौन सा तेल पिलाते हैं, सर?”

अलसी म्हणजे जवस. नवऱ्यानं माझ्या पाठीवर एक थाप मारली, जोरात, जसा सामना मीच जिंकला होता. सरांनी दुबेजींचा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला, नाकाजवळ नेला आणि डोळे मिटून वास घेतला. दुबेजी घाबरून आमच्याकडं बघत होते. “भाई, हुआ क्या?”

“कुछ नहीं,” सर म्हणाले. “बैठिए. अब पीजिए.”

मफलरचे वेढे एकेक करून सुटले. सर खुर्चीत बसले आणि काकूंकडं पाहत राहिले. काकू म्हणाल्या, “झालं न? या मग इकडं, मटार सोला. सगळे मीच सोलून राहिली.” सर खुर्चीवरून उठून सतरंजीवर बसले आणि सोलायला लागले. थोड्या वेळानं काकू पुढं म्हणाल्या, “आणि पोट्ट्याले फोन मी करते. तुम्ही नका करू, तुम्ही लेक्चर देता.” फोन त्यांनी तिथूनच केला. “हां, ऐक. तुझ्या मामाचं नाक बरोबर आहे. जेवलास काय? ठेवते.” एवढाच.

त्यानंतर जिलेबी आली. दुबेजींनी शाळेच्या एका सामन्याची लांबलचक हकीकत सांगितली. बाटली अर्थात दुबेजींना गेली नाही, आणि त्यांना हे कधी कळलंही नाही की थोडा वेळ ती त्यांची होती.

ऊन उतरायला लागलं तसं सरांनी माझ्यापुढं झाकण ठेवलं. “मॅडम, नाकाचं झालं. आता जिथं नाक पोचत नाही तिथलं सांगा. गिळल्यावर मागून काय येते?”

मी गिळली. मिरी आली, मग मनुका, मग लाकूड, सगळं ओळीनं. मग संपल्यासारखं झालं. मी वाळत घातलेले कपडे काढायला उठले, दोरीवरून चादर ओढली, आणि तेव्हा काहीतरी परत आलं. उशिरा, हळूच, आणि गेलंच नाही. ते काय आहे ते मला ओळखीचं होतं, पण नाव सापडेना. “थांबा सर, अजून येतंय,” एवढंच म्हणाले. सर थांबले. चादर हातात घेऊन मी उभी, आणि सर सतरंजीवरून वर बघत. शेवटी त्यांनी हात उचलला. “घाई नको. लिहून द्या. मला नीट वाचायचं आहे.”

होळीनंतर सर आणि काकू नागपूरला गेले. मुलगी तिथं आहे, सरांचे गुडघे इथल्या जिन्याला कंटाळले होते. सामानाची यादी मी केली, ट्रकही मीच ठरवला. नव्या घराची सुरुवात बाटलीनं करायची नाही असं काकूंनी सांगितलं, म्हणून एकवीस वर्षांची ती बाटली आमच्याकडं आली. तळाला थोडी उरली आहे. नागपूर सरांना मानवलं आहे. तिथल्या सोसायटीत लिफ्टमध्ये कोण कुठलं जेवण घेऊन चढलं ते सगळं त्यांना कळतं, आणि लोक आता डबा झाकून चढतात.

रविवारी सकाळी फोन येतो. तब्येत, कारखाना, जबलपूरचा मटार आला की नाही, आणि मग, “मॅडम, लिहिलं का?”

लिहायला बसले नाही असं नाही. ‘ओलसर’ लिहिलं, खोडलं. ‘दूध उकळून खाली बसल्यासारखं’ लिहिलं, तेही नाही. ‘काहीतरी’ हा शब्द सर चालवून घेणार नाहीत. मागून काकूंचा आवाज येतो, “लिहू नको इतक्यात! लिहिलंस की हे दुसरी बाटली मागवतात.”

पुन्हा चाखल्याशिवाय जमणार नाही हे मला कळून चुकलं आहे. पण सध्या घरात दिवाळीच्या आधीचं रंगकाम चाललं आहे. हॉल झाला, बेडरूमचा दुसरा हात बाकी आहे, आणि रंगाचा वास उतरल्याशिवाय झाकण भरायचं नाही. दुबेजींना त्या दिवशी यायला सांगून ठेवलं आहे. पेला धुऊन उन्हात पालथा घातला आहे. गिळल्यावर मागून काय येतं, ते सरांना लिहून कळवायचं अजून राहिलं आहे.